ग्यात्सोच्या खोलीत

राखीपौर्णिमेला मुलं बेळगावला आली की सकाळी बस्तीत जायचं, विष्णुकुमार मुनींची कथा ऐकायची आणि घरी येऊन शेवयांची खीर खायची, हे आमच्याकडे ठरलेलं. यंदा नातवाच्या दप्तरातून एक दोनशे पानी वही निघाली. मला वाटलं, गणिताची असेल. आकडे तर पानोपानी होते. पण पहिल्याच पानावर कपाळावर निळा बाण असलेला एक टकलू मुलगा हसत होता. तेव्हा म्हटलं, हे गणित शाळेतलं नव्हे.

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ नावाच्या कार्टून मालिकेची ती कालगणना होती. मालिका अमेरिकेत २००५ ते २००८ मध्ये दाखवली गेली, एकूण ६१ भाग. माझ्या नातवाच्या जन्माआधीच संपलेली. तरी तिचे चाहते अजून तिच्यातल्या सालांवरून, वंशांवरून, कोण कधी मेलं आणि कुणाच्या पोटी आलं यावरून तावातावाने भांडतात. आधी मला हसू आलं. मग आठवलं, आमच्या स्वाध्यायाला बसणाऱ्या बायका कुठल्या तीर्थंकरांचं आयुष्य किती पूर्वांचं यावरून दोन-दोन दिवस एकमेकींशी बोलत नाहीत. तेव्हा हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

गोष्ट थोडक्यात सांगते. त्या जगात पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू अशी चार तत्त्वं वळवणारे चार समाज आहेत. चारही तत्त्वं येणारा माणूस एकच, त्याला अवतार म्हणतात, आणि तो पाळीपाळीने एकेका समाजात जन्म घेतो. या खेपेचा अवतार आंग, वायुपंथातला बारा वर्षांचा पोर. वायुपंथी म्हणजे मुंडण केलेले, मांस न खाणारे, डोंगरमाथ्यावरच्या मठांत राहणारे भिक्षू. जबाबदारीला घाबरून आंग पळाला आणि समुद्रात बर्फात गोठून शंभर वर्षं पडून राहिला. इकडे अग्निराष्ट्राच्या सोझिन राजाने एका धूमकेतूची शक्ती घेऊन सगळ्या वायुपंथीयांना संपवलं. आंग जागा झाला तेव्हा त्याच्या लोकांतला तो एकटाच शिल्लक होता.

वहीत मधोमध शून्य होतं. शून्याच्या डावीकडे आधीची सालं, उजवीकडे नंतरची. “हे शून्य कसलं?” मी विचारलं.

“वायुपंथीयांचा संहार झाला ते साल. सगळे चाहते तिथूनच मोजतात.”

माझं बोट तिथेच थांबलं. आपण वीर निर्वाण संवत मोजतो तो इसवी सनापूर्वी ५२७ पासून, एका आत्म्याच्या सुटकेपासून. आणि ही पोरं एका अख्ख्या पंथाच्या मरणापासून वर्षं मोजत होती. मी नातीला म्हटलं, “त्या भिक्षूंनी स्वतः साल कुठून मोजलं असतं?” ती सोळा वर्षांची आहे, पटकन बोलते. म्हणाली, “आज्जी, मोजायला त्यांच्यात उरलंच कोण?”

पुढची पानं मजेची होती. क्योशी नावाची अवतारबाई २३० वर्षं जगली म्हणे, तेव्हा तिच्यामागची सगळी सालं त्या हिशेबाने मागे सरकवावी लागतात. तिचं मरण ते रोकूचा जन्म, रोकूचं मरण ते आंगचा जन्म. रोकू सत्तरीत गेला, त्यानंतर बारा वर्षांनी संहार, म्हणून आंग बारा वर्षांचा. नातवाने मला अडवलं, “पण आज्जी, रोकू मेला त्याच क्षणी आंग जन्मला, तर नऊ महिने पोटात कोण होतं?” हा प्रश्न आमच्या पाठशाळेतला. जीव एक देह सोडतो तो विग्रहगतीत फार तर तीन वळणं घेतो आणि सरळ गर्भात येतो, नऊ महिने थांबून नव्हे. लिहिणाऱ्यांनी इथे आपल्या माणसाला विचारायला हवं होतं, असं मी म्हटलं, आणि दोघंही खूश झाली.

खरं भांडण होतं त्याच्या पुढच्या पानावर.

तिसऱ्या भागात आंग आपल्या जुन्या मठात जातो. त्याला वाढवणारे भिक्षू ग्यात्सो, बापाच्या जागी असलेले, हसरे, पोराबरोबर मिठायांची फेकाफेक करणारे. आंगला त्यांचा सांगाडा सापडतो. भिंतीला टेकून बसलेला. आणि त्यांच्याभोवती अग्निराष्ट्राच्या सैनिकांचे सांगाडे, चिलखतांसकट. एक-दोन नव्हेत, ढीग. मालिकेत त्याबद्दल पुढे एक शब्द नाही. आंग बापासाठी रडतो, कथा पुढे जाते. पण चाहत्यांनी त्या खोलीचा दरवाजा बंद होऊ दिला नाही. त्या सैनिकांना कुणी मारलं? किडामुंगी न मारणाऱ्या भिक्षूने?

काही म्हणतात, ग्यात्सोंनी खोलीतली हवाच काढून घेतली, शत्रू गुदमरले आणि तेही त्यांच्याबरोबर. २०१४ मध्ये पुढच्या मालिकेत वायू वळवणारा एक खलनायक एका राणीचा श्वास असाच ओढून घेताना दाखवला, तेव्हापासून या तर्काला जोर आला. काही म्हणतात, छे, सैनिक आपल्याच आगीत अडकले असतील, वरून काही कोसळलं असेल. नातू या बाजूचा. ग्यात्सो असं करणारच नाहीत, असं तो डोळ्यांत पाणी आणून सांगत होता. नात दुसऱ्या बाजूची. केलं, आणि बरंच केलं, समोर लेकरं मारली जात असताना काय करायचं होतं?

दोघांचं ऐकताना माझ्या लक्षात आलं की दोघांनाही एकच हवं होतं. ग्यात्सो निर्मळ हवे होते. एकाने कृत्यच नाकारलं, दुसरीने कृत्याचा डाग नाकारला. आपणही हेच करतो. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे चार प्रकार आपण लहानपणी पाठ केलेत. श्रावकाने संकल्पी सोडावी, विरोधी त्याला टाळता येत नाही, इतकंच त्यात सांगितलं आहे. टाळता येत नाही. पण बोलता बोलता आपण त्याचं ‘चालते’ असं करतो. त्यातही ग्यात्सो गृहस्थ नव्हते. भिक्षूला तर तीही सवलत नाही.

त्याच दिवशी सकाळी बस्तीत ऐकलेली कथा डोक्यात होती. हस्तिनापुरात बळी मंत्र्याने सात दिवसांचं राज्य मिळवलं आणि अकंपनाचार्यांच्या सातशे मुनींना घेरून धुराने गुदमरवून टाकलं. विष्णुकुमार मुनींना विक्रिया ऋद्धी होती. त्यांनी मुनिपद सोडून वामनाचं रूप घेतलं, तीन पावलं जमीन मागितली, बळी नमला, मुनी वाचले. धुराने घसे सोलवटलेल्या मुनींना श्रावकांनी मऊ खीर दिली, म्हणून आपल्याकडे खीर. कथा सांगणारे खिरीपाशी थांबतात. त्यापुढची ओळ घाईत वाचली जाते. विष्णुकुमार गुरूंपाशी गेले, त्यांनी प्रायश्चित्त घेतलं, पुन्हा दीक्षा घेतली. म्हणजे बघा, रक्ताचा थेंब सांडला नव्हता, बळीलाही क्षमा मिळाली होती, सातशे जीव वाचले होते, तरी. ‘चांगल्यासाठी केलं’ म्हणून ते मोकळे झाले नाहीत, आणि ‘करायला नको होतं’ असंही कुणी म्हणालं नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. हे मुलांना सांगितलं तेव्हा नातू म्हणाला, “पण त्यांच्याकडे ऋद्धी होती. ग्यात्सोंकडे काय होतं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं मालिकेकडेही नाही. शेवटी आंगवर तोच प्रसंग येतो. अग्निराष्ट्राचा राजा ओझाई याला मारल्याशिवाय युद्ध थांबणार नाही असं सगळे सांगतात. तो आपल्या मागच्या जन्मांना विचारतो. यांगचेन नावाची अवतार, ती तर त्याच्याच वायुपंथातली, तीसुद्धा म्हणते की जगासाठी तुला तुझी स्वतःची आत्मिक शुद्धी बाजूला ठेवावी लागेल. तिचं बोलणं ऐकून मी त्या छोट्या पडद्यापुढे ताठ बसले. मोक्षाची आस धरणाऱ्याला इतकं उघड कुणी सांगत नाही. आणि मग ऐन वेळी एक अजस्र सिंहमुखी कासव येतं, आंगला नवी विद्या देतं, आणि आंग ओझाईचा जीव न घेता त्याची शक्ती तेवढी काढून घेतो. चाहते यावर चिडलेले आहेत, हे कासव आयतं आणून बसवलं म्हणतात. मी चिडले नाही. बळीचंही तेच झालं होतं, सत्ता गेली, जीव राहिला. पण कासव सगळ्यांना भेटत नाही. ग्यात्सोंना भेटलं नाही.

चाहत्यांचा आणखी एक मुद्दा नातीने काढला. पहिल्या पर्वाच्या शेवटी आंग समुद्राच्या देवतेशी एकरूप होतो आणि शत्रूचं आख्खं आरमार बुडतं. त्या जहाजांत माणसं नव्हती का? मग शेवटी एवढा विचार कशाला? तेव्हा तो स्वतःच्या ताब्यात होता का, मनात मारण्याचा संकल्प होता का, यावर दोघं अर्धा तास भांडली. मी मध्ये पडले नाही, कारण चांगली भांडत होती.

मग नातू हळूच म्हणाला, “ती गांधीलमाशी कुणीच मोजत नाही.”

दुसऱ्या पर्वातला वाळवंटाचा भाग. आंगचा लाडका उडता गवा आप्पा चोरीला गेलेला असतो आणि आंग रागाने पेटलेला. अर्धं गिधाड, अर्धी गांधीलमाशी असा एक प्राणी त्यांच्यातल्या छोट्या लेमूरला उचलून नेतो. आंग लेमूरला सोडवतो. प्राणी पळून जात असतो. पाठ फिरवून. आणि आंग मागून वाऱ्याचा वार करून त्याला पाडतो. तिथे युद्ध नव्हतं, जग वाचवायचं नव्हतं. नुसता राग होता. नातवाने विचारलं, “आज्जी, तिला इंद्रियं चार की पाच? गांधीलमाशी चार, गिधाड पाच.” नात हसली. मला हसता आलं नाही.

आमच्या मागच्या पडवीत छताच्या कोपऱ्यात एकदा गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. सून बाळंतपणाला इथेच होती, खाली पाळणा. मी पाळणा आत हलवला, धूप लावला, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एक माशी बाळाच्या दुपट्यावर बसलेली दिसली. आमच्या बागेत काम करणारे मामा म्हणाले, “मी करतो काय ते, तुम्ही आत जावा.” पण कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही सारखंच, एवढं मला कळत होतं. दुसऱ्याच्या हातून करवून आपण मोकळं राहायचं, हे मला जमलं नाही. अंधार पडल्यावर जुन्या लुगड्याची चिंधी बांबूला गुंडाळली, रॉकेलात भिजवली आणि पोळं मीच जाळलं. ते तडतडणं अजून कानात आहे. नंतर यांना म्हटलं, नाइलाज होता. पुढे कुणी विचारलं तरी तेच म्हणाले. रोजच्या प्रतिक्रमणात एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्या जीवांची क्षमा मागते, त्यात चार इंद्रियांचे आलेच, असं मनाला सांगत आले. पण ते पोळं नाव घेऊन कुणापुढे ठेवलं नाही. पुढच्याच चातुर्मासात महाराज गावात होते. चार महिने होते. मी रोज दर्शनाला जात होते.

पळून जाणाऱ्या माशीला मी मारलं नाही, रागाने मारलं नाही, पाळणा खरोखर खाली होता. हे सगळं खरंच आहे. नातीच्या बाजूने बोलावं तर मी बरोबरच केलं. पुन्हा तसं पोळं आलं, तर मी पुन्हा बांबू उचलीन की पाळणा घेऊन घरच सोडीन, हे आज शपथेवर सांगता येणार नाही.

हे सगळं मी त्या दिवशी मुलांना सांगितलं. खीर निवली होती. नात गप्प बसली. नातवाने वहीत संहारानंतरच्या शंभराव्या वर्षाच्या अलीकडे बारीक अक्षरात गांधीलमाशी लिहिली, इंद्रियांच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं. मग पेन तसंच धरून म्हणाला, “तुझं पोळं कोणत्या साली?”

“तुझ्याच जन्माचं साल,” मी म्हटलं. “तू सव्वा महिन्याचा होतास.”

त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पान उलटून त्याने कोऱ्या पानावर साल लिहिलं आणि विचारलं, “किती होत्या?”

मी मोजल्या नव्हत्या.