भरतीचा हिशेब आणि तेलाचा तवंग

समुद्रात भरती-ओहोटीइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. वाऱ्याचा भरवसा चार-पाच दिवसांपलीकडे देता येत नाही. भरतीच्या वेळा मात्र वर्षभर आधी छापून मिळतात. कोकणातला कोळी तिथीची पाऊणपट करून त्या तोंडी सांगतो. लॉर्ड केल्विन यांनी १८७० च्या दशकात चंद्र-सूर्याच्या ओढीचं हे गणित दातेरी चाकांच्या यंत्रावर बसवलं. तरीही सांडलेलं तेल कुठे जाईल हे सांगताना हीच खात्रीची शक्ती माणसाला चकवते.

खुल्या समुद्रात हिशेब त्या मानाने सरळ असतो. तवंग प्रवाहाबरोबर वाहतो, शिवाय वाऱ्याच्या साधारण ३ टक्के वेगाने वाऱ्याच्या दिशेला सरकतो. भरती त्याला पुढे नेते, ओहोटी मागे आणते आणि १२ तास २५ मिनिटांनी तो जवळपास मूळ जागी येतो. उरतो तो वाऱ्याचा आणि संथ प्रवाहांचा वाटा.

खाडीच्या मुखाशी मात्र जमा आणि खर्च जुळत नाहीत. तिथे प्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर एका भरतीत तेल १४ किलोमीटरपर्यंत आत जाऊ शकतं. गाळाला आणि तिवरांच्या मुळांना चिकटलेलं तेल ओहोटीबरोबर परतत नाही. म्हणून गळतीची वेळ तासाभराने चुकली, की अंदाजातला तवंग समुद्रात राहतो आणि खरा तवंग खाडीत शिरतो. भरती अचूक ठाऊक असते. आपलं अज्ञान असतं आरंभाबद्दल, आणि भरती ते छोटं अज्ञान मैलोगणती वाढवते.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडलं. पावसाळ्याचे दिवस, आणि अमावस्या तीन दिवसांवर. म्हणजे उधाण चढत होतं. घारापुरी, उरण भागांतल्या तिवरांपर्यंत तेल पोचलं. उधाणाचं पाणी ज्या उंचीवर तेल ठेवतं, तिथे भांगाच्या, म्हणजे लहान भरतीचं पाणी पोचतच नाही. पुढच्या उधाणापर्यंत ते मुळांवर तसंच बसतं. म्हणून तवंगाचं भाकीत करताना तारखेइतकीच तिथीही पाहावी लागते.

आज हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था तवंगाच्या प्रवासाचा अंदाज संगणकावर काढते. अशा प्रतिमानात तेलाचे शेकडो काल्पनिक बिंदू सोडले जातात आणि ते विखुरत जातात. म्हणून उत्तर रेघ नसून शक्यतेचा पट्टा असतो. हा पट्टा म्हणजे शास्त्राची कमजोरी नव्हे, तो त्याचा प्रामाणिकपणा आहे. त्याचं मोल राखायचं, तर गळतीची मिनिटासकट नोंद पहिल्या तासात व्हावी, खाड्यांमधले प्रवाह एरवीही मोजलेले असावेत आणि अडथळ्याचे तरंगते पट्टे पुढच्या भरतीआधी खाडीच्या तोंडाशी पोचावेत. पाणी आत वळल्यावर केलेली धावपळ तिवरांना वाचवत नाही.