दोरावरच्या माणसाची हजेरी



कीर्तन थांबवून मला आता सहा वर्षे झाली. गुडघे उभे राहू देत नाहीत आणि आवाजही पूर्वीसारखा लागत नाही. तरी माणसे अजून प्रश्न घेऊन येतात. त्यातला एक प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो. प्रश्न पैशाचा आहे, पण तो सोडवता सोडवता माझ्याच एका जुन्या चुकीपाशी मी येऊन थांबलो, म्हणून लिहावेसे वाटले.

गेल्या वैशाखात आमच्या दिंडीतल्या एका जुन्या टाळकऱ्याचा मुलगा घरी आला. त्याचा पुण्यात काचा पुसण्याचा धंदा आहे. हिंजवडी, खराडी या बाजूला ज्या उंच काचेच्या इमारती झाल्या आहेत, त्यांच्या बाहेरच्या काचा धुऊन देण्याचा ठेका तो घेतो. काम कसे चालते ते त्याने सांगितले. गच्चीवर दोर बांधायचा, कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळायचे, बाजूला बादली लटकवायची आणि वरून एकेक मजला पुसत खाली उतरायचे. प्रत्येक माणसाला दोन दोर असतात. एकावर तो काम करतो. दुसरा एरवी सैल असतो, पहिला तुटला तरच तो माणसाला धरतो. एक कामाचा दोर आणि एक जिवाचा दोर.

त्याच्याकडे चार माणसे महिन्याच्या पगारावर आहेत. काम वाढले की तो बाहेरून पाच-सहा जणांना बोलावतो. ते आपले दोर, आपले पट्टे घेऊन आपल्या गाडीभाड्याने येतात आणि रोजावर काम करून जातात. कागदावर त्यांना पोटठेकेदार म्हणतात.

तो म्हणाला, "महाराज, माझ्या पगारी माणसाला महिना अठरा हजार पडतो. त्याला सव्वीस दिवसांनी भागले तर सातशेच्या आत येते. मी बाहेरच्यांना पूर्ण सातशे देतो. संध्याकाळी रोख देतो, कोणाचे बुडवत नाही. पण त्यातल्या सगळ्यात चांगल्या माणसाने काम सोडले. जाताना पाया पडला आणि एवढेच म्हणाला, दादा, परवडत नाही. तेव्हापासून मन खाते आहे. माझे कुठे चुकले?"

माउली, आपल्या परंपरेत आधी पूर्वपक्ष नीट मांडावा लागतो, म्हणून त्याची बाजू आधी सांगतो. त्याने कोणावर जबरदस्ती केली नाही. दर आधी सांगितला आणि समोरच्याने मान्य केला. ठरलेले पैसे ठरल्या वेळी दिले. बाजारात दुसरे ठेकेदार साडेसहाशेही देतात. त्याला स्वतःला इमारतवाल्यांकडून पैसे दोन-दोन महिन्यांनी मिळतात. व्यवहार म्हणून यात बोट ठेवायला जागा नाही असे कोणीही म्हणेल. मीही पहिल्यांदा तेच म्हणणार होतो.

मग मला पैठणच्या नाथमहाराजांची कथा आठवली. तुम्हीही ती कितीदा ऐकली असेल. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैची चूक राहिली. ती शोधत नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि पहाटे ती सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. मी ही कथा चाळीस वर्षे एकाग्रतेचा दृष्टांत म्हणून सांगितली. त्या दिवशी प्रथमच वाटले, आपण या मुलाच्या वहीतली पै शोधून पाहावी. मी म्हणालो, "वही काढ. बाहेरच्या माणसाचे पूर्ण वर्ष मांडू."

मांडलेला हिशेब तुम्हालाही सांगतो. आकडे त्याच्या अनुभवावरून अंदाजाने धरलेले आहेत. गाव आणि काळ बदलला की आकडे बदलतील, पण रीत बदलणार नाही.

पगारी माणसाला बारा महिने पगार मिळतो. पाऊस असो, वारा असो, इमारतीची परवानगी न येवो, त्याचे अठरा हजार चुकत नाहीत. दोर, पट्टा, हेल्मेट मालकाचे. रोजावरच्या माणसाचे तसे नाही. पावसात आणि जोराच्या वाऱ्यात दोरावर उतरता येत नाही, म्हणून पावसाळ्याचे बरेच दिवस कोरडे जातात. एक काम संपून दुसरे लागेपर्यंत मध्ये खंड पडतो. वर्षाचे दोनशे दिवस भरले तर पुष्कळ. दोनशे गुणिले सातशे, एक लाख चाळीस हजार. त्यातून वर्षाला दोर-पट्ट्यांचे बारा हजार, गाडीभाड्याचे दिवसाला शंभर धरून वीस हजार आणि विम्याचे सहा हजार वजा केले. उरले एक लाख दोन हजार, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार.

तो आकड्याकडे पाहत गप्प बसला. एकच काम, एकच उंची. एकाच्या घरी अठरा हजार जातात, दुसऱ्याच्या घरी साडेआठ. आणि दर तर "तेवढाच" होता.

मग उलटा हिशेब केला. त्या घरालाही महिना अठरा हजार लागतात असे धरले तर वर्षाचे दोन लाख सोळा हजार झाले. त्यात वरचा अडतीस हजारांचा खर्च मिळवला आणि दुखण्याखुपण्याला, म्हातारपणाला म्हणून सव्वीस हजार बाजूला ठेवले. एकूण दोन लाख ऐंशी हजार. भागिले दोनशे दिवस. रोज चौदाशे रुपये. ज्याला तो बरोबरीचा दर समजत होता तो निम्मा होता.

नाथांच्या वहीतली चूक रात्रभर शोधल्यावर सापडली, कारण ती वहीतच होती. या मुलाची वही पैशापैशाला जुळत होती. चूक होती न आखलेल्या रकान्यात. कोरड्या दिवसाचा रकाना नाही, झिजणाऱ्या दोराचा रकाना नाही. जे लिहिलेच नाही ते चुकलेले दिसत नाही, आणि माणूस शुद्ध मनाने दुसऱ्याचे देणे बुडवत राहतो.

"पण त्याने कबूल केले होते," हे तो दोनदा म्हणाला. माउली, इथे जरा थांबून विचार करा. ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटण्याची पंचाईत आहे तो सातशेलाही हो म्हणेल, साडेसहाशेलाही म्हणेल. नाही म्हणून जो दुसरीकडे जाऊ शकतो, त्याच्या होकाराला वजन. अडलेल्याचा होकार आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरू नये. आपल्याच तुकोबांच्या घरी सावकारी होती. लोकांनी कर्ज कबूल करून घेतले होते, कागद खरे होते. तरी आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले. कबुलीच्या पलीकडे काही असते हे त्यांना दिसले होते. आपण गृहस्थ, तेवढे वैराग्य आपल्याला झेपणार नाही. पण कागद खरा असूनही अन्याय होऊ शकतो, एवढे तरी आपण त्यांच्याकडून घ्यावे.

कायदाही या वाटेने थोडा चालला आहे. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली कायदा झाला. ठेकेदाराने मजुरी चुकवली तर मूळ मालकाने ती भरून द्यावी, असे त्यात ठरवले. पुढे वेतनाचे कायदे एकत्र करून २०१९ ची वेतन संहिता आली. पण हे सारे मजुराला मजूर म्हटले तर. त्याला पोटठेकेदार असे भारदस्त नाव दिले की तो कागदावर धंदेवाला होतो, आणि त्याचा पाऊस, त्याचे दुखणे, त्याचा दोर सगळे त्याच्या एकट्याच्या अंगावर पडते. नाव बदलले म्हणून त्याच्या पायाखालचे अंतर कमी होत नाही.

कमी दराचा भार शेवटी येतो कुठे, हेही पाहा. साडेआठ हजारांत घर चालवणारा माणूस आधी काय टाळेल? मुलाची फी टाळणार नाही, किराणा टाळणार नाही. तो नवा दोर घेणे टाळेल. वारा सुटला तरी "उतरतो" म्हणेल, कारण न उतरल्यास रोज जातो. आपण सातशेवर जे वाचवतो ते त्याच्या जिवाच्या दोरातून वाचवतो.

मला मंगळवेढ्याची आठवण झाली. पंढरीला महाद्वारात नामदेव पायरीजवळ आपण चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवतो. चोखोबा कसे गेले? मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि त्याखाली ते इतर मजुरांसह गाडले गेले. साल १३३८. पुढे नामदेवरायांनी येऊन अस्थी ओळखल्या, हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला, ही कथा सांगताना माझा कंठ प्रत्येक वेळी दाटला. पण ज्या मजुरांच्या हाडांमधून नामदेवरायांनी त्या अस्थी निवडल्या, त्या मजुरांविषयी मी कीर्तनात कधी एक वाक्य बोललो नाही. भिंत गावाची होती. तिचे संरक्षण गावाला मिळणार होते आणि तिच्याखाली जाण्याचा धोका मजुराचा होता. काचेची भिंतही तशीच आहे. चकाकी एकाची, धोका दुसऱ्याचा.

आता माझी चूक सांगतो. श्रावणातला एक सप्ताह होता. माझ्याबरोबर नेहमी एक पखवाजवादक यायचे. पोटापाण्याचा त्यांचा शिवणकामाचा धंदा होता. त्या दिवशी पाऊस असा लागला की मंडप कोसळला आणि कीर्तन झालेच नाही. मंडळींनी मला फक्त गाडीभाडे दिले. परतताना एसटीत मी त्यांना म्हणालो, "देवाचे काम आहे, देव बघेल." ते "हो महाराज" म्हणाले. सणाच्या तोंडावर दुकान बंद ठेवून ते आले होते. लोकांचे कपडे शिवायचे राहिले होते. मला हे सगळे ठाऊक होते.

कीर्तनाचा मोबदला घेऊ नये हा आपल्याकडचा कडक दंडक आहे, आणि मी तो माझ्यापुरता जमेल तसा पाळला. त्याचा मला थोडा अभिमानही होता. पण माझे व्रत मी त्यांच्या पोटावर चालवले. वैराग्य स्वतःच्या ताटात वाढून घ्यावे, दुसऱ्याच्या ताटात वाढू नये. त्या मुलाने रकाना कोरा सोडला होता. मी तर त्या रकान्यात देवाचे नाव लिहिले होते. दोघांत जास्त दोष कोणाचा, हे तुम्हीच ठरवा. पखवाजवादक आता राहिले नाहीत. ते देणे माझ्या अंगावर तसेच आहे.

हे मी त्या मुलाला सांगितले, आणि मग आम्ही चार गोष्टी ठरवल्या. दर ठरवताना पगाराला दिवसांनी भागायचे नाही. त्या माणसाचे पूर्ण वर्ष मांडायचे आणि ते मांडताना त्याला शेजारी बसवून विचारायचे. बोलावले आणि पावसामुळे किंवा परवानगीमुळे काम झाले नाही, तर अर्धा रोज द्यायचा. दोर ठीक वाटत नाही म्हणून जो उतरणार नाही, त्याचा त्या दिवसाचा रोज कापायचा नाही. आणि नवा ठेका घेताना हा दर धरूनच भाव सांगायचा. आधी कमी भावात काम घेऊन मग माणसांच्या हजेरीतून ते भरून काढायचे नाही.

त्याचा नफा पाप आहे असे मी म्हणालो नाही. काम मिळवणे, पैसे अडकवणे, उद्या काही झाले तर दारात उभे राहणे, याचे मोल आहे आणि ते त्याने घ्यावे. पण ते आपल्या कामाचे घ्यावे, दुसऱ्याच्या न लिहिलेल्या खर्चातून घेऊ नये.

आषाढीनंतर तो पुन्हा आला. रोज तेराशेपर्यंत नेला होता. एका इमारतीने भाव वाढवून दिला. दुसरीने काम काढून घेतले आणि स्वस्तातल्या ठेकेदाराला दिले. त्याचे उत्पन्न यंदा घटले आहे, त्याची बायको काळजीत आहे. सोडून गेलेला माणूस परत आलेला नाही. धर्माने वागले की लगेच भरभराट होते, असे मी त्याला सांगितले नव्हते आणि तुम्हालाही सांगत नाही. एवढेच म्हणाला, "महाराज, आता माणूस दोरावर असताना मी खालून वर बघू शकतो."

माउली, तुमच्यापैकी कोणाचा काचांचा धंदा नसेल. पण घरी धुणेभांडी करणारी बाई असेल, शेतात रोजाने येणारे असतील, दिंडीचा ट्रक चालवणारा असेल. वारीत आपण एकमेकांना माउली म्हणतो, लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. पंढरीहून घरी आल्यावर एका संध्याकाळी वही काढा. त्या माणसाचे एक पूर्ण वर्ष मांडा, आणि कोणता रकाना आखायचा राहिला आहे ते दिव्यापाशी बसून शोधा. सापडला तर टाळी वाजवायला हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे देणे देऊन टाका. माझ्यासारखे ठेवून देऊ नका.

रामकृष्णहरी.