प्रार्थना आणि ताईत

घरातले कोणी अचानक गेले, की सांत्वनाला आलेल्यांपैकी एखादा हळूच विचारतो, "एवढे प्रार्थना करणारे घर, मग असे कसे झाले?" विचारणाऱ्याच्या मनात सहानुभूतीच असते. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात वेगळेच काही उतरते. आपली प्रार्थना कमी पडली असेल का? आपल्या श्रद्धेतच खोट असेल का? दुःखावर हा दुसरा घाव बसतो.

हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडतो असे नाही. आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांच्या परंपरेने त्यावर शतकानुशतके विचार केला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात मुस्लिम बांधवांविषयी आदर व्यक्त केला. आदर करायचा तर त्यांची प्रार्थना समजून घ्यायला हवी.

आपल्या बोलण्यातल्या एका शब्दापासून सुरुवात करू या. लाडक्या माणसाला आपण 'गळ्यातला ताईत' म्हणतो. हा ताईत अरबी 'तावीज'मधून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ आहे आश्रय घेणे. म्हणजे गळ्यात बांधलेली वस्तू हा पुढचा अर्थ. मूळ अर्थ आहे कोणाच्या तरी पदराखाली जाणे.

कुराणातील ११३ वी आणि ११४ वी या अखेरच्या दोन सूरा अशाच आश्रय मागणाऱ्या प्रार्थना आहेत. पहिलीत पाच आयती, दुसरीत सहा. पहिलीत भक्त पहाटेच्या प्रभूकडे आश्रय मागतो. रात्रीच्या अंधारातील अनिष्ट, जादूटोणा, मत्सर करणाऱ्याचा मत्सर, या सगळ्यांपासून. दुसरीत मात्र तो आणखी आत वळतो. माणसाच्या मनात वाईट गोष्ट कुजबुजणाऱ्यापासून मला वाचव, असे तो म्हणतो. सर्वांत मोठा धोका बाहेरून येतोच असे नाही, हे त्या सूरेला ठाऊक आहे.

पैगंबर मुहम्मद रात्री झोपण्यापूर्वी या दोन्ही सूरा आणि त्यांच्या आधीची ११२ वी सूरा म्हणत, तळहातांवर फुंकर घालीत आणि ते हात अंगावरून फिरवीत, असे त्यांच्या पत्नी आयेशा यांनी सांगितल्याची नोंद हदीसमध्ये आहे. त्यांच्या अखेरच्या दुखण्यात त्यांच्या अंगात ते बळ उरले नाही. तेव्हा आयेशाच त्या प्रार्थना म्हणत आणि त्यांचाच हात धरून त्यांच्या अंगावरून फिरवीत. पुढे काय झाले? इ.स. ६३२ साली मदिनेत त्यांचे निधन झाले.

ही हकिकत मुस्लिम परंपरेने लपवली नाही. संरक्षणाची प्रार्थना होती, म्हणणारी प्रेमाची होती, ज्यांच्यासाठी म्हटली ते तर साक्षात पैगंबर. तरी मृत्यू आला. आयेशांची प्रार्थना वाया गेली असे कोणी म्हटले नाही. प्रार्थनेच्या मर्यादेची ही पहिली ओळख.

मग जे होणार ते ठरलेलेच असेल, तर मागायचे तरी कशाला? इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. बाण अडवायला ढाल असते, रोप उगवायला पाणी लागते. देवाची योजना मान्य आहे म्हणून कोणी ढाल घरी ठेवून लढाईला जात नाही, की पेरलेल्या बियाण्याला पाणी द्यायचे थांबवीत नाही. प्रार्थनाही तशीच, देवाच्या योजनेतच ठेवलेले एक साधन. पण ढाल हाती असलेला प्रत्येक सैनिक घरी परततोच असे नाही, हेही आपल्याला माहीत आहे.

याची कसोटी फार पूर्वीच लागली होती. इ.स. ६३८-६३९ च्या सुमारास पॅलेस्टाईन आणि सीरियात प्लेगची मोठी साथ आली. ती 'अम्वासची साथ' म्हणून ओळखली जाते. अम्वास म्हणजे कोणते गाव? प्राचीन ख्रिस्ती परंपरेने जे आपले अम्माऊस मानले, तेच हे! (जागेविषयी अभ्यासकांचे एकमत नाही.) खलिफा उमर सीरियाकडे निघाले होते. वाटेत साथीची बातमी कळताच त्यांनी सहकाऱ्यांशी सल्लामसलत केली आणि माघारी फिरायचे ठरवले. सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, देवाने ठरवलेल्या गोष्टीपासून आपण पळता काय? उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता: होय, देवाच्या एका योजनेकडून त्याच्याच दुसऱ्या योजनेकडे. उंटांसाठी एका बाजूला हिरवे कुरण आणि दुसऱ्या बाजूला उजाड माळ असेल, तर कुरणाकडे जाणे हेही देवाच्या योजनेतच बसते. तेवढ्यात एका सहकाऱ्याने पैगंबरांची शिकवण सांगितली: साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर तिथून पळू नये.

उमर परतले. अबू उबैदा आपल्या सैनिकांसोबत राहिले आणि त्याच साथीत मरण पावले. स्वर्गाचे आश्वासन मिळालेल्या दहा साथीदारांत त्यांचे नाव घेतले जाते. मग त्यांची प्रार्थना कमी पडली, असे म्हणायचे का? मुस्लिम परंपरेचे उत्तर याच्या नेमके उलट आहे. श्रद्धेने साथीत मरण पावलेल्याला हदीसने हुतात्म्याचा मान दिला आहे. जो वाचला त्याला श्रेय नाही, जो गेला त्याला दोष नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कुवेतमध्ये अजान देताना लोकांना घरीच नमाज पढण्यास सांगितले गेले, तेव्हा पुष्कळांना आश्चर्य वाटले. परंतु पावसाच्या रात्री अशी सूचना देण्याचा दाखला हदीसमध्ये होताच. देवावरचा भरवसा आणि दाराला लावलेली कडी यांचे भांडण नाही.

ताइताच्या बाबतीत मुस्लिम विद्वानांमध्ये मतभेद आहेत. काही जण कुराणातील वचने लिहिलेला ताईत चालेल म्हणतात, काहींना तोही मान्य नाही. परंतु एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. रक्षण करतो तो देव. कागद नव्हे, दोरा नव्हे. शब्दांवर किंवा वस्तूवरच भिस्त ठेवली, की मागणारा देवाला विसरून किल्ली सांभाळत बसतो.

बंधुभगिनींनो, हे वाचताना आपल्या गळ्यातली क्रुसाची साखळी आणि दारावरची तसबीर आठवली असेल, तर चांगलेच आहे. आपणही गेथसेमनी बागेतली ती रात्र जाणतो. प्याला टळावा म्हणून केलेली विनवणी तिथे झाली, आणि प्याला टळला नाही. त्या विनवणीत काही उणे होते, असे म्हणायला कोण धजेल?

तेव्हा पुढच्या वेळी शोक करणाऱ्या घरी जाल, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो, त्यांच्या प्रार्थनेचा हिशेब मागू नका. जवळ बसा. आयेशांनी केले तेवढेच करा: आजारी माणसाचा हात हातात घ्या आणि त्याच्यासाठी मागा. पुढचे देवाकडे.