झेल पुरा केव्हा होतो?

चेंडू हाताला लागणे आणि चेंडू हाती येणे यांत अंतर आहे. त्या अंतराचा निवाडा पंचाला करावा लागतो. क्रिकेटचा ३३वा नियम सांगतो की, चेंडूचा क्षेत्ररक्षकाच्या अंगाला प्रथम स्पर्श झाला की झेल सुरू होतो. चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर त्याचा पूर्ण ताबा आला की तो पुरा होतो. चेंडू किती क्षण धरावा याचा हिशेब नियमात नाही.

अमेरिकेचा बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही. परंतु त्याच्या नियमकारांनी हेच अधिक धीटपणे मांडले आहे. झेल घेताच खेळाडू पडला वा कुंपणावर आदळला आणि चेंडू निसटला, तर झेल नाही. मात्र झेल घेऊन पुढे फेक करताना चेंडू गळाला, तर झेल ग्राह्य. धावणाऱ्याला चेंडूने शिवून बाद करतानाही चेंडू घट्ट धरलेला असावा लागतो. चेंडू हातातून गेला तो खेळाडूच्या इच्छेने, असे पंचाला दिसले पाहिजे. म्हणजे धरल्याचा पुरावा सोडण्यात शोधायचा! आणि इच्छा तर डोळ्यांना दिसत नाही.

१९९९च्या विश्वचषकात हेडिंग्ले येथे हर्शेल गिब्जच्या हाती स्टीव्ह वॉचा सोपा झेल आला. आनंदाने तो उंच फेकण्याच्या घाईत चेंडू निसटला. वॉ नाबाद ठरला व त्याने १२० धावा केल्या. उलट २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला सूर्यकुमार यादवने डेव्हिड मिलरचा झेल सीमारेषेपाशी पकडला. आपला तोल आवरणार नाही हे ओळखून त्याने चेंडू वर उडवला, रेषेपलीकडे जाऊन तो परतला आणि चेंडू पुन्हा धरला. एकाने ताबा येण्यापूर्वी सोडले; दुसऱ्याने ताबा नाही हे जाणून सोडले. पुढे मुंबईच्या विधान भवनात सूर्यकुमारने मराठीत सांगितले की, झेल हातात बसला. आपल्या भाषेत झेल 'बसतो' आणि 'सुटतो'. कर्ता जणू चेंडूच. नियमाला मात्र माणूस हवा असतो.

जानेवारी २००८मध्ये सिडनीला मायकेल क्लार्कने जमिनीलगत घेतलेल्या झेलावर सौरव गांगुली बाद ठरला. क्षेत्ररक्षकाचा शब्द मानावा, असा दोन्ही कर्णधारांचा समझोता होता. पंच मार्क बेन्सन यांनी रिकी पाँटिंगला विचारले आणि बोट वर केले. आपल्याकडे संताप उसळला. मला तो समझोता आजही चुकीचा वाटत नाही. तो पेलणे अवघड होते, इतकेच. कॅमेऱ्याने तरी कोठे तंटा मिटला? सपाट चित्रात गवत आणि बोटे एकमेकांत मिसळतात.

आमच्या शेंद्र्याला मुले पंचाविना खेळतात. टप्पा पडला का, हे झेलणाऱ्यालाच विचारतात आणि मग त्याला शपथ घालतात. शपथ घालू नका, असे मी सांगतो. विचारण्याला माझी हरकत नाही. चेंडू जमिनीला लागला की नाही, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. निदान पहिल्या क्षणी, मित्र धावत येऊन त्याला मिठी मारण्यापूर्वी.