प्रत्येकाने एक फांदी आणावी



बंदिवासातून परतलेल्या लोकांनी यरुशलेमचा पडका कोट पुन्हा उभारला. मग सारा समाज एका चौकात जमला. पुरुष होते, स्त्रिया होत्या, समजू शकतील अशी मुलेही होती. एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले, लेवींनी त्याचा अर्थ उलगडून सांगितला. ऐकता ऐकता लोक रडू लागले.

रविवारच्या मिस्सात हे वाचन नहेम्याच्या आठव्या अध्यायातील दहाव्या वचनापाशी थांबते. पुढचा भाग मात्र घरी अवश्य वाचा. दुसऱ्या दिवशी कुटुंबप्रमुख पुन्हा एज्राकडे आले. तेव्हा त्यांना मंडपांच्या सणाची आज्ञा सापडली. यहोशवाच्या काळापासून तो सण असा साजरा झालाच नव्हता! हे काम याजकांवर सोपवून ते घरी परतले नाहीत. लोक डोंगरावर गेले, जैतुनाच्या व खजुरीच्या फांद्या घेऊन आले. कुणी गच्चीवर, कुणी अंगणात, कुणी चौकात मंडप घातला आणि ते त्यात राहिले. त्या वेळी फार मोठा आनंद झाला, असे पवित्र शास्त्र सांगते.

४ डिसेंबर १९६३ रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. भाविकांनी उपासनेत पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय भाग घ्यावा, ही त्याची कळकळ होती. लोकभाषेला वाव मिळाला, म्हणून आज आपण मराठीत मिस्सा अर्पण करतो. पण भाषा आपली झाली आणि ओठ मात्र मिटलेलेच राहिले, तर काय उपयोग?

वसईच्या गावोगावी खुरसाजवळ जमून रोझरी म्हणण्याची आपली रीत आहे. सजावट कंत्राटदाराची, गाणी स्पीकरवरची आणि आपण फक्त खुर्चीवर, असे होऊ लागले तर ती रीत दिसायला राहील, पण आतून वाळून जाईल. ‘तरुण येत नाहीत’ अशी आपली तक्रार असते. पण एखादी मुलगी नव्या चालीचे गीत घेऊन आली, तर ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणून तिला गप्प कोण करते? आणि तरुणांनो, आजीला पाठ असलेली जुनी गीते तुम्ही कधी तिच्या शेजारी बसून लिहून घेतली आहेत का? ती गेल्यावर ती गीते कुणाला विचारणार?

या आठवड्यात प्रत्येक घराने एक फांदी आणावी. थोरांनी एक प्रार्थना लहानांना अर्थासह शिकवावी. तरुणांनी एका संध्याकाळच्या रोझरीची जबाबदारी घ्यावी. ती नीट होईल का, याची चिंता नको. पहिल्याच दिवशी त्या लोकांचे मंडपही सरळ उभे राहिले नसतील!

हे प्रभो, पूर्वजांनी आमच्या हाती दिलेला विश्वास आम्हांला मिळून जपता यावा, मिळून फुलवता यावा. आमेन.