पांडुरतेचे कौतुक

'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणेचे मुख लोध्रपुष्पासारखे फिकट झाले असून त्याला येणारा मातीचा गंध दिलीप राजा एकांतात हुंगतो आणि तरीही तृप्त होत नाही, असा प्रसंग कालिदासाने रंगवला आहे. रसिकाला त्यात डोहाळ्यांचे लावण्य दिसते. परंतु तेच वर्णन एखाद्या वैद्याने वाचले, तर तो राजाला जरा बाजूला सारून आधी राणीची खालची पापणी ओढून पाहील, कारण फिकटपणा आणि माती खाण्याची वासना ही जोडी रक्तातील लोह आटल्याची जुनी खूण आहे. कवीला दोष कशाला द्या? तो फिकटपणा गर्भारपणाचा अलंकार म्हणून आपणच आजवर मिरवला.

आषाढात एका उपकेंद्राच्या ओसरीवर बसलो असता, सातव्या महिन्यातल्या एका विशीच्या मुलीची पापणी नर्सबाईंनी ओढली, तेव्हा आतली लाली धुतलेल्या तांदळाच्या रंगावर गेलेली दिसली. "रक्त साडेसातच भरलंय," त्या म्हणाल्या. सासू शांतपणे उत्तरली, "पोटुशी बाई पांढरी दिसायचीच. आम्ही नाही का चार बाळंतपणं काढली?" गोळ्या घेतेस ना, या प्रश्नावर मुलीने मान हलवली, आणि दफ्तरात तीस गोळ्यांची नोंद बिनदिक्कत झाली. त्या गोळ्या पिठाच्या डब्यामागे पडून आहेत, हे आशाताईंनी नंतर हळूच सांगितले. गोळीने बाळ मोठे होते आणि बाळंतपण अडते, असा घरातला समज होता.

सासूच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे, हेही मान्य केले पाहिजे. गर्भारपणात रक्तातील द्रवांश सुमारे निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी त्या मानाने वाढत नाहीत, म्हणून रक्त काहीसे पातळ होणे स्वाभाविकच. यासाठीच एरवी 12 ग्रॅम मानलेली हिमोग्लोबिनची मर्यादा गर्भवतीसाठी 11 वर आणली आहे. त्याच्या खालची उतरण मात्र निसर्गाच्या खात्यावर टाकता येत नाही. एका गर्भारपणाला एकूण सुमारे एक ग्रॅम लोह लागते, आणि अर्भक आपला वाटा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत उचलते. आईच्या दुधात लोह अल्प असल्यामुळे पहिले सुमारे सहा महिने बाळाला याच शिलकीवर काढायचे असतात. तेव्हा रित्या कोठारातून आलेले, अपुऱ्या दिवसांचे वा अपुऱ्या वजनाचे मूल, मेंदूची घडण वेगाने चालू असण्याच्या ऐन काळात, जन्मतःच बाकी अंगावर घेऊन येते. आईचे म्हणाल, तर सशक्त बाई जो रक्तस्राव सोसते तोच तिच्या प्राणावर बेततो.

या विषयाचा एक धागा मुंबईतच गुंफला गेला. 1928 च्या सुमारास ल्यूसी विल्स ही इंग्रज वैद्यक-संशोधिका येथे आली आणि गिरणीकामगार गर्भवतींच्या एका विशिष्ट, मोठ्या पेशींच्या पांडुरोगाचा तिने शोध घेतला. जंतू शोधता शोधता तिची दृष्टी या बायकांच्या ताटाकडे वळली, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या सुधारतात, हे तिने 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. आजच्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोहाशेजारी ते असते. ताटाकडे पाहण्याची तिची रीत मात्र त्या गोळीत मावली नाही.

गोळ्या वाटण्याचा सरकारी शिरस्ता 1970 पासूनचा. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. याच पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींचे प्रमाण 59.1 टक्के आहे, आणि माझ्या मते सारा उलगडा या आकड्यात आहे. सर्वांची पाने उठल्यावर खरवडीवर जेवणारी, महिन्याच्या महिन्याला रक्त गमावणारी मुलगी गर्भ राहण्यापूर्वीच रिती असते. तिच्या रक्ताची चौकशी मात्र त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क उत्पन्न झाल्यावरच सुरू होते. पोटातल्या जिवासाठी केलेली तजवीज, म्हणूनच, त्या जिवालाही उशिरा पोहोचते.

दिवाळीनंतर पुन्हा त्या उपकेंद्रात गेलो. मुलगी बाळाला घेऊन आली होती. दोन किलो शंभर ग्रॅमने जन्मलेले ते मूल दुपट्यात जेमतेम दिसत होते. बाळंतपणानंतरही एकशे ऐंशी दिवस गोळ्या घ्यायच्या असतात, म्हणून नर्सबाईंनी पाकिटे पुढे केली. मुलीने हात पुढे केला, तोच सासू म्हणाली, "आता कशाला बाई? मूल तर झालं."