झोपलेल्याची साक्ष

सकाळी उठून माणूस म्हणतो, मस्त झोप लागली, काही कळलंच नाही. या घरगुती उद्गाराची भारतीय दर्शनांनी जितकी चिरफाड केली, तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या वाक्याची झाली असेल. अद्वैत वेदान्त्यांना त्यात आत्म्याचा पुरावा दिसतो. त्यांचे म्हणणे असे, की ‘काही कळले नाही’ ही आठवण आहे आणि जे अनुभवलेच नाही त्याची आठवण होत नाही. म्हणजे मन आणि इंद्रिये मावळलेली असतानाही ते अज्ञान आणि ते सुख कुणीतरी अनुभवत होते, तोच साक्षी. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे पटत नाही. गाढ झोपेत ज्ञान नसतेच, असे ते म्हणतात. उठल्यावर अंग हलके वाटते, मधल्या काळातले काही आठवत नाही, यावरून आपण सुखाने झोपलो असे अनुमान करतो, आणि ते इतके चटकन होते की आठवणच वाटते. छांदोग्य उपनिषदातल्या इंद्राची तक्रार तर याहूनही मुळातली. गाढ झोपेत असतो तोच आत्मा, असे प्रजापतीने सांगितल्यावर तो समाधानाने निघाला खरा, पण वाटेतूनच परत फिरला. ज्याला त्या वेळी स्वतःचीही ओळख नसते तो नष्ट झाल्यातच जमा, मग त्यात मिळवण्यासारखे काय, असा त्याचा प्रश्न होता. प्रजापतीने त्याला खोडून काढले नाही. आणखी पाच वर्षे राहा म्हणाला.

एवढा वाद झाला, तरी एक गोष्ट दोन्ही बाजूंनी न तपासताच धरून चालवली. उठलेला माणूस आपल्या झोपेविषयी सांगतो ते बहुतेक खरे असते, हे दोघांनाही मान्य होते. त्याला ते कसे कळते एवढ्यावरच भांडण होते. कळते की नाही यावर नव्हते. स्लीप अ‍ॅप्निया नावाच्या आजाराने नेमका हा पायाच हलवला आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, श्वासाची वाट बंद होते. छाती हवा ओढायला धडपडत असते, पण आत काही जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून क्षणभर वर येतो, घशाचे स्नायू पुन्हा ताठ होऊन वाट उघडते, एक मोठा घुसमटलेला श्वास येतो आणि माणूस पुन्हा झोपेत बुडतो. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की तो एक प्रसंग मोजतात. तासाला असे ३० किंवा अधिक प्रसंग झाले, अर्धवट कोंडलेले श्वासही त्यात धरून, तर आजार तीव्र मानतात. सात तासांच्या रात्रीत हे दोनशेच्या वर जाते. इतके करून यातले जवळजवळ काहीच सकाळी आठवत नाही, कारण ही जाग काही सेकंदांचीच असते आणि तेवढ्यात स्मृतीत ठसा उमटत नाही. दोनशे वेळा गळा आवळला गेलेला माणूस उठून म्हणू शकतो, छान झोपलो, पडल्यापडल्या डोळा लागला. घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण हा आपल्या घरोघरचा समजही त्याच्याच बाजूने साक्ष देतो. मुंबईत १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते.

माझ्या मते या पुराव्याने पारडे न्यायदर्शनाकडे झुकते. झोपेचे सुख जर साक्षात अनुभवलेले असेल आणि सकाळी फक्त आठवत असेल, तर त्यात इतकी मोठी चूक कशी शिरते? अनुमान म्हटले की कोडे सुटते. लिंग, म्हणजे ज्यावरून अनुमान करतो ती खूण, फसवे असेल तर अनुमानही फसते. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात या संदर्भात फार बारकाईचे निरीक्षण आहे. झोप ही चित्ताची एक वृत्तीच आहे असे सांगताना भाष्यकार उठलेल्या माणसाच्या तीन तऱ्हा देतो. एकाचे मन प्रसन्न असते, दुसऱ्याचे सैरभैर, आणि तिसऱ्याचे अंग जड, चित्त थकलेले आणि कुणी चोरून नेल्यासारखे. आजच्या कुठल्याही डॉक्टरने ही तिसरी तऱ्हा वाचून रुग्णाला चाचणीला पाठवावे. भाष्यकार तिला झोपेची आठवण म्हणतो. पण त्याने पुढे ठेवलेला पुरावा पाहा, तो सगळा जागेपणीच्या अंगावरचा आणि मनावरचा आहे. यावर अद्वैती उत्तर देईल की साक्षीला झोपेच्या प्रतीशी काही देणेघेणे नाही. तुटली ती शरीराची झोप, प्रकाशणारा तसाच राहिला. हे उत्तर खोडता येत नाही, आणि मला ते खोडायचेही नाही. पण त्याची किंमत लक्षात घ्यावी. असा साक्षी आपल्या रात्रीबद्दल काहीच सांगू शकत नाही. ‘मी चांगला झोपलो’ असे आग्रहाने म्हणणाऱ्याला त्याचा आधार घेता येणार नाही.

हा केवळ मठातला वाद राहत नाही, कारण या आजाराचा मुख्य उपाय झोपलेल्या माणसाला वापरायचा असतो आणि पटवून द्यावा लागतो तो जाग्याला. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रथम मांडला. नाकावर मास्क लावायचा आणि पंख्याच्या जोराने थोड्या दाबाची हवा सतत आत सोडायची. ती हवा, छत्रीच्या काड्या कापड ताणून धरतात तशी, घसा आतून उघडा धरते. यालाच सीपॅप म्हणतात. उपाय पहिल्या रात्रीपासून लागू पडतो. अडते ते पुढे. पट्ट्यांचे वळ गालावर उठतात, नाकाच्या दांडीवर लाल डाग पडतो, तोंड कोरडे होते, कडेने सुटणारी हवा डोळ्यांत जाते, काहींना नाकतोंड झाकले की जीव घाबरा होतो. आणि पुष्कळांची तक्रार एकच असते. रात्री नीट लावून झोपलो, सकाळी मास्क उशीशेजारी पडलेला. कधी काढला माहीत नाही.

ही तक्रार नीट ऐकण्यासारखी आहे. मास्क काढला कुणी? ज्याने तो विकत घेतला, लावला, लावण्याचा निश्चय केला, तो तर त्या वेळी हजर नव्हता. निश्चय जाग्याचा आणि हात झोपलेल्याचा. म्हणून मनोबल वाढवा, थोडी सोशिकता हवी, हा उपदेश इथे चुकीच्या पत्त्यावर जातो. झोपलेल्यापर्यंत पोचायची वाट मला एकच दिसते आणि तिला आपल्याकडे जुने नाव आहे, संस्कार. योगसूत्रांत अभ्यासाची अट सांगितली आहे ती दीर्घ काळ, खंड न पाडता आणि आदराने करण्याची. सीपॅपची सवय लावणारे जाणते तंत्रज्ञ जे सांगतात ते यापासून फार दूर नाही. आधी दिवसा, टीव्ही पाहताना किंवा पेपर वाचताना, मास्क नुसता तोंडाला लावून बसा. मग मशीन चालू करून. मग दुपारच्या डुलकीला. दाब हळूहळू चढेल अशी सोय यंत्रात असते ती वापरा, हवा ओलसर करणारे भांडे जोडा, मास्क मापाचा नसेल तर हट्ट न करता बदला. यात कुठेही झोपलेल्याला हुकूम नाही. जागेपणी शरीराला ओळख करून द्यायची आणि झोपेत ती ओळख टिकेल अशी आशा धरायची. कोण वापरणार आणि कोण सोडणार हे बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसू लागते, तेही या दृष्टीने समजण्यासारखे आहे. वाईट संस्कारही तितक्याच लवकर पडतो. गुदमरून फेकलेला मास्क दुसऱ्या रात्री आधीच शत्रू झालेला असतो.

आणि जागा माणूसही आपल्या या वापराबद्दल भरवशाचा साक्षीदार नाही. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३५ रुग्णांच्या यंत्रांत त्यांच्या नकळत नोंद ठेवणारी सोय केली होती. आपण रोज रात्री यंत्र लावतो असे ६० टक्के रुग्णांनी सांगितले. निदान ७० टक्के दिवस किमान चार तास, एवढी माफक कसोटी लावली तेव्हा उतरले १६ जण. हे लोक खोटारडे होते असे मला वाटत नाही. रात्री अकराला लावलेला मास्क त्यांना आठवत होता. दोनला निघालेला आठवणार कसा?

यंत्राने श्वास घेणे म्हणजे प्राण परक्याच्या हाती देणे, हा आक्षेप भावनेने मोठा असला तरी थोडक्यात निकालात निघतो. सीपॅप श्वास घेत नाही. श्वासाची प्रेरणा, छातीची हालचाल, लय, सगळे त्या माणसाचेच राहते. यंत्र फक्त बंद पडणारे दार उघडे ठेवते. रोज प्राणायाम करणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो, आणि झोप लागल्यावर त्याचा प्राणायाम चालू नसतो.

खरा जड आक्षेप वेगळा आहे. मला बरे वाटते, दिवसा झोप येत नाही, मग कागदावरच्या आकड्यावरून मला आजारी ठरवणारे तुम्ही कोण? अनुभवापेक्षा मोजमाप मोठे कधीपासून झाले? यात तथ्य आहे. तासाला पाच, पंधरा, तीस या मर्यादा माणसांनी आखलेल्या रेषा आहेत. २०१९ साली ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये आलेल्या अंदाजानुसार जगात ३० ते ६९ वयाची सुमारे ९३.६ कोटी माणसे पहिल्या रेषेपलीकडे आहेत. इतक्या माणसांना रोगी म्हणताना रेष आखणाऱ्यानेच थोडे थबकावे. शिवाय २०१६ साली भारतासह सात देशांतल्या सुमारे २७०० हृदयविकाराच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीत, ज्यांना दिवसा फारशी झोप येत नव्हती अशांमध्ये, सीपॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत. वापर रात्री सरासरी ३.३ तासच झाला होता, तेव्हा हा निकाल यंत्राचा की न वापरण्याचा याची चर्चा अजून संपलेली नाही. पण त्याच चाचणीत घोरणे आणि दिवसाची पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली, हेही नोंदलेले आहे. मला यातून दिसते ते असे, की ‘बरे वाटणे’ हा पुरावा आहे, पण तो तुलनेचा पुरावा आहे. दहा वर्षे पेंगत जगलेल्याला कशाशी तुलना करायची तेच हाती उरत नाही. थकवा हाच त्याचा स्वभाव होऊन बसलेला असतो. मरे जॉन्स यांनी १९९१ साली मेलबर्नमध्ये तयार केलेली आठ प्रश्नांची एपवर्थ प्रश्नावली जगभर वापरतात. बसून वाचताना, दुपारी आडवे झाल्यावर, सिग्नलला गाडी थांबली असताना डोळा लागण्याची शक्यता किती, असे ती विचारते. उत्तर देणारा तोच, ज्याच्या साक्षीची शंका आहे. म्हणून काही डॉक्टर तीच प्रश्नावली जोडीदाराकडूनही भरून घेतात. आणि हाती एसटीचे किंवा ट्रकचे स्टिअरिंग असेल तर ‘मला बरे वाटते’ हा वाद खासगी राहतच नाही.

मग प्रमाण कोण? शेजारी झोपणारी व्यक्ती. न्यायसूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण दिले आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू. शास्त्रात बसायला पदवी लागत नाही हे त्या भाष्यकाराचे मोठेपण. अंधारात नवऱ्याचा श्वास थांबल्यावर तो परत येईपर्यंत स्वतःचा रोखून धरणाऱ्या बायकोला ही व्याख्या अक्षरशः लागू पडते, आणि तिचेच म्हणणे सकाळी ‘तू उगीच घाबरतेस’ म्हणून उडवले जाते. मास्कशी न जमण्याचे एक मूळ मला इथे दिसते. बायकोच्या शब्दाला प्रमाण न मानणाऱ्याला मास्क ही शिक्षा वाटते. मानणाऱ्याला तो निदान एका खऱ्या गोष्टीवरचा इलाज तरी वाटतो. यंत्राची गोष्ट वेगळी. आजचे सीपॅप रात्रीचा सगळा हिशेब ठेवते, पण त्याने काही जाणलेले नसते आणि त्याला सांगायची इच्छाही नसते. ते लिंग पुरवते, अनुमान माणसालाच करावे लागते. त्याचे आकडे वेदवाक्य मानू लागलो की एक आंधळी साक्ष काढून तिथे दुसरी बसते. अमेरिकेच्या मेडिकेअरमध्ये विम्यासाठी घातलेली चार तासांची अट अनेक ठिकाणी यशाची व्याख्याच होऊन बसली. साडेतीन तास चैनीत झोपलेला नापास. २०२१ साली तर एका मोठ्या कंपनीला आवाज दाबणारा फोम झिजत असल्याने लाखो यंत्रे परत बोलवावी लागली, आणि रोज इमानाने वापरणाऱ्यांनाच सर्वांत जास्त धास्ती पडली.

जे एकटे झोपतात, आणि शहरांत असे पुष्कळ आहेत, त्यांच्यापुरता शेजारचा आप्त नाहीच. त्यांना नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिमीटर आणि छातीला पट्टा लावून घरीच एक रात्र मोजून घेता येते. मात्र अशा चाचणीत बहुधा मेंदूच्या लहरी नोंदत नाहीत, त्यामुळे माणूस खरोखर किती वेळ झोपला होता हे त्या उपकरणालाही अनुमानानेच धरावे लागते.